सरांची यादी आणि एरर ७५

शनिवारची दुपार परमेश्वराने आयटीवाल्यांच्या झोपेसाठी राखून ठेवलेली आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आठवड्याचे पाच दिवस मानखुर्द ते वाशी हार्बर, वाशी ते ऐरोली ट्रान्सहार्बर, आणि संध्याकाळी तेच उलट. खाडीपूल दिवसातून दोनदा ओलांडायचा. त्यामुळे शनिवारी जेवण झालं की पंखा पाचवर आणि मोबाइल सायलेंटवर. पण काही माणसांचे फोन सायलेंटवरही ऐकू येतात. गेल्या डिसेंबरातल्या एका शनिवारी असाच फोन आला.

"झोपलायस का रे?"

"नाही सर." (दहावीनंतर ज्यांनी आपल्या बोटांवर पट्टी मारली आहे त्यांना 'हो' म्हणायची आपली हिंमत होत नाही.)

"जरा इन्स्टिट्यूटमध्ये येऊन जा. तीन आठवडे झाले, नवीन पॅसेज उघडत नाहीयेत. कंपनीवाला म्हणतो, तुमचे कॉम्प्युटरच खराब आहेत."

आता सरांबद्दल थोडं सांगायला हवं. मानखुर्द स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका दुकानाच्या माळ्यावर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. मी तिथे इंग्रजी तीस केलं तेव्हा खोलीभर टाइपरायटर होते आणि खाली रस्त्यापर्यंत खडखडाट ऐकू यायचा. आपल्या शेजारच्याच विक्रोळीच्या गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि २००९ साली तो बनवणं थांबवलं. पुढे सरकारी परीक्षाही कॉम्प्युटरवर गेली. पुण्याची राज्य परीक्षा परिषद ती घेते, जीसीसी-टीबीसी असं तिचं भारदस्त नाव. सरांनी मग टाइपरायटर काढून दहा कॉम्प्युटर मांडले. एक टाइपरायटर मात्र कोपऱ्यात अजून आहे, प्लास्टिकची पिशवी पांघरून. त्याला लॉगिन लागत नाही, असं सर अभिमानाने सांगतात.

इथे येणारी पोरं महाराष्ट्र नगर, मंडाळा, लल्लूभाई कंपाउंड अशा ठिकाणची. आपल्यासारख्या कीबोर्डवर जगणाऱ्यांना टायपिंगची परीक्षा म्हणजे काहीतरी जुनाट प्रकार वाटतो. पण सरकारी लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हे प्रमाणपत्र लागतंच. लेखी परीक्षेत कितीही मार्क पडोत, हा कागद नसेल तर सगळं मुसळ केरात. त्यामुळे या माळ्यावर बसून 'कखग' बडवणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कुठली ना कुठली भरती असते.

असो. पोहोचलो. सरांनी चार नंबरच्या मशीनवर बसवलं. सरावाचं सॉफ्टवेअर उघडलं, नवीन पॅसेजवर क्लिक केलं आणि समोर करड्या रंगाचा चौकोन: रन-टाइम एरर ७५, पाथ / फाइल अ‍ॅक्सेस एरर. मला एकदम भरून आलं! हा व्हिज्युअल बेसिक ६ चा एरर. हे व्हीबी ६ आलं १९९८ साली, म्हणजे मी बालवाडीतही जात नव्हतो तेव्हा. आणि त्यात लिहिलेली सॉफ्टवेअर आजही विंडोज दहावर गुमान चालतात. आपले मायक्रोसर्व्हिसेस सहा महिन्यांत म्हातारे होतात आणि हे आजोबा अजून काठी न घेता फिरतायत.

"एक, दोन आणि तीन नंबरवर उघडतंय," सर म्हणाले. "चारपासून दहापर्यंत नाही."

इथे पाल चुकचुकली. फाइल खराब असती तर सगळीकडेच खराब असायला हवी होती. एक ते तीन आणि चार ते दहा यांत फरक काय? सरांनी सांगितलं. गेल्या वर्षी कुणाच्यातरी पेनड्राइव्हमधून तो सुप्रसिद्ध व्हायरस आला होता, ज्यात सगळे फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसतात. आठवडाभर क्लास बंद. मग सरांचा भाचा आला, त्याने मशिनी साफ केल्या आणि पोरांसाठी 'विद्यार्थी' नावाचं मर्यादित हक्कांचं अकाउंट काढून दिलं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त सरांकडे. एक ते तीन या मशिनी सरांच्या टेबलाला लागून आहेत, तिथे प्रिंटरची काहीतरी भानगड होती म्हणून त्या तशाच राहिल्या. भाच्याने काम शंभर नंबरी केलं होतं. आमच्या कंपनीत यालाच 'लीस्ट प्रिव्हिलेज' म्हणतात आणि त्यावर तासभराचं सक्तीचं ट्रेनिंग असतं. (त्या ट्रेनिंगमध्ये सगळे म्यूट करून दुसरं काम करतात ही गोष्ट वेगळी.)

मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरलो, नव्या पॅसेजच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. जुन्या पॅसेजवर 'यूजर्स' या गटाला वाचायची परवानगी होती. नव्या पॅसेजवर तो गटच नाही! फक्त सिस्टीम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, आणि ज्या अकाउंटमधून कंपनीच्या माणसाने अपडेट टाकला ते सरांचं अकाउंट. 'विद्यार्थी' बिचारा दाराबाहेर.

हे कसं होतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी भोगलेलं असेल. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि कुणी काय करायचं याची एक यादी असते. नवीन फाइल ज्या फोल्डरात जन्मते त्या फोल्डरचे नियम तिला लागतात. फाइल कॉपी केली तर ती नव्या जागी नव्याने जन्मते, म्हणून नव्या जागेचे नियम घेते. पण त्याच ड्राइव्हवर ती नुसती हलवली, म्हणजे कट-पेस्ट, तर ती आपले जुनेच नियम सोबत घेऊन जाते. लग्न होऊन सासरी आली तरी माहेरचंच आडनाव, तसं. (हे हल्ली चालतं, फाइलींना मात्र चालत नाही :-)) आता बरेचसे इन्स्टॉलर काय करतात? सगळा माल आधी टेम्प फोल्डरात सोडवतात. हा टेम्प फोल्डर प्रत्येकाचा खाजगी, दुसऱ्या साध्या यूजरला तिथे डोकावता येत नाही. आणि मग तिथून उचलून प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकतात. कॉपी करून टाकलं तर ठीक. हलवून टाकलं तर त्या खाजगीपणासकट फाइल सार्वजनिक जागी येऊन बसते. इन्स्टॉलर शेवटी हसतमुखाने 'फिनिश' म्हणतो. ज्याने इन्स्टॉल केलं त्याला सगळं दिसतं, म्हणून त्याच्या मते काम फत्ते.

खात्री असावी म्हणून सरांसमोर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

"सर, राइट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा."

"त्याला पासवर्ड लागेल. तो चाळीस पोरांना सांगायचा का?"

"हो सर, नाहीतर विद्यार्थी अकाउंटलाच अ‍ॅडमिन करून टाका. आमचे सगळे क्लायंट तसंच करतात."

"अहो, पण फाइलच्या परवानग्या तुमच्या अपडेटने..."

"सर, आमच्याकडे टेस्टिंगला काहीच प्रॉब्लेम येत नाहीये."

हे मात्र शंभर टक्के खरं असणार. ज्याने लिहिलं तो आपल्या मशीनवर अ‍ॅडमिन, ज्याने तपासलं तो अ‍ॅडमिन, ज्याने विकलं त्याच्या लॅपटॉपवर अ‍ॅडमिन. साधा यूजर या संपूर्ण साखळीत कुठे पहिल्यांदा भेटतो? मानखुर्दच्या माळ्यावर, चार नंबरच्या मशीनपुढे.

परवानग्या दुरुस्त करणं दहा मिनिटांचं काम. विंडोजमध्ये आयकॅकल्स नावाची एक कमांड आहे, तिला रिसेट सांगितलं की फाइल आपले जुने नियम टाकून ज्या फोल्डरात आहे त्याचे नियम घेते. सातही मशिनींवर फिरवली, पॅसेज उघडायला लागले. काकूंनी चहा आणला. पारले-जी बुडवत मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो, आणि तिथे ती यादी चिकटवलेली होती.

यादीत बावीस नावं होती. वर सरांच्या वळणदार अक्षरात: 'खालील विद्यार्थ्यांचा सराव अपुरा असल्याने या वेळी परीक्षेचा फॉर्म भरला जाणार नाही.' सरांचा नियम पहिल्यापासून कडक आहे. किमान शंभर धडे झाल्याशिवाय फॉर्म नाही. जुलैत आलेल्या बॅचला डिसेंबरपर्यंत शंभर धडे म्हणजे काही अवघड नाही, रोज एक केला तरी होतात. फॉर्मची शेवटची तारीख मंगळवार होती. यात राहिलं की गेलं पुढच्या परीक्षेवर, म्हणजे निदान सहा महिने.

चहा अर्धा झाला असेल, एवढ्यात एक मुलगी आणि तिची आई जिना चढून आल्या. आईच्या हातात भाजीची पिशवी, बहुतेक कामावरून परस्पर आली असावी. "सर, ही रोज येते हो. मी स्वतः पाठवते. असं कसं नाव लागलं?"

सर रागावले नाहीत. त्यांनी हजेरीचं रजिस्टर उघडून दाखवलं. "ताई, येते रोज. एकही खाडा नाही. पण येऊन करते काय ते बघा." आणि त्यांनी आपला कागद पुढे केला. मशीन नंबर पाच, तिच्या नावापुढे: ४१.

"माझे एकशे त्रेचाळीस झालेत सर," मुलगी म्हणाली. आवाज अगदी हळू, पण आकडा पक्का.

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही बाळा."

"मी दाखवते."

ती पाच नंबरला जाऊन बसली, 'विद्यार्थी'मध्ये शिरली, सॉफ्टवेअर उघडलं. स्क्रीनवर तिचं नाव आणि पुढे १४३. सर उठले, त्याच मशीनवर आपलं अकाउंट उघडलं, तेच सॉफ्टवेअर, तीच मुलगी. ४१. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला: पोरीने काहीतरी करून आकडा वाढवलाय. आईनेही तो अर्थ ओळखला असावा, कारण तिने मुलीचा दंड घट्ट धरला.

नंतर सर मला म्हणाले की त्यांच्या मनात एक हिशोब केव्हाचा बसलेला होता. एक ते तीन नंबरवरच्या पोरांचे धडे सव्वाशेच्या पुढे, चार ते दहावरच्यांचे चाळीसच्या आसपास. म्हणजे नजरेसमोर बसतात ती करतात, मागे बसतात ती मोबाइल बघतात. इतका चोख निष्कर्ष की कुणालाही पटावा. आकडेवारी त्यांच्या बाजूने होती, आणि चाळीस वर्षांचा अनुभवही.

मी मात्र 'एक ते तीन, चार ते दहा' हे तासाभरात दुसऱ्यांदा ऐकत होतो.

सॉफ्टवेअरच्या फोल्डरात 'डेटा' नावाचा फोल्डर होता, त्यात सगळ्या नोंदींची एक अ‍ॅक्सेसची फाइल. तिची शेवटच्या बदलाची तारीख बघितली. १७ ऑगस्ट, रविवार. सरांना विचारलं, भाचा कधी आला होता? त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं मागे उलटली. स्वातंत्र्यदिनानंतरचा रविवार.

म्हणजे १७ ऑगस्टपासून या फाइलमध्ये एक अक्षरही लिहिलं गेलेलं नव्हतं. मग ते १४३ कुठून येत होते?

इथे थोडा इतिहास. विंडोज ९५-९८ च्या काळात परवानगी वगैरे भानगडच नव्हती, घर बिनदाराचं. एक्सपी २००१ साली आली तेव्हा दारं होती, पण घरातला जो तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, त्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना प्रोग्रॅम फाइल्समध्येच आपला डेटा ठेवायची सवय लागली. मग जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली आणि मायक्रोसॉफ्टने ते दार बंद केलं: प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या यूजरने लिहायचं नाही. पण तसं सरळ बंद केलं असतं तर जगातली निम्मी जुनी सॉफ्टवेअर त्या दिवशी कोसळली असती. म्हणून त्यांनी एक युक्ती केली. जुन्या पद्धतीचं ३२ बिटी सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेलं की विंडोज त्याला 'नाही' म्हणत नाही. 'हो' म्हणते, आणि गुपचूप त्या फाइलची एक प्रत त्या यूजरच्या खाजगी कोपऱ्यात करून लिखाण तिकडे वळवते. त्या कोपऱ्याचं नाव व्हर्च्युअल स्टोअर. पुढे तोच यूजर ती फाइल वाचायला गेला की त्याला आपली प्रत दाखवते. सॉफ्टवेअरला पत्ता नाही, यूजरला पत्ता नाही. दोघंही खूश. ही सोय तात्पुरती आहे, तिच्यावर विसंबू नका, असं मायक्रोसॉफ्ट तेव्हापासून सांगत आलं आहे. पण तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य आपल्याकडे किती असतं ते मानखुर्दमध्ये कुणाला वेगळं सांगायला नको.

टास्क मॅनेजरमध्ये 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' असा एक कॉलम चालू करता येतो. केला. आमच्या व्हीबी आजोबांपुढे 'एनेबल्ड' असं लिहिलेलं. मग 'विद्यार्थी'च्या अ‍ॅप डेटामध्ये शिरलो, लोकल, व्हर्च्युअल स्टोअर, प्रोग्रॅम फाइल्स, सॉफ्टवेअरचं नाव, डेटा. तिथे होती. तीच फाइल, पण आदल्या दिवशी संध्याकाळी बदललेली. ती अ‍ॅक्सेसमध्ये उघडून सरांसमोर धरली. पोरीच्या नावापुढे एकशे त्रेचाळीस ओळी, प्रत्येकीला तारीख, वेळ, स्पीड. ऑगस्टमध्ये अकरा शब्द. नोव्हेंबरात सत्तावीस. शेवटच्या आठवड्यात तेहेतीस.

सर बराच वेळ स्क्रोल करत राहिले. मग फक्त एवढंच म्हणाले, "दिवाळीतसुद्धा आलीये ही."

मला त्या क्षणी हॉलिवूडची एक गोष्ट आठवली, ऐकायला विचित्र वाटेल. सप्टेंबर २०१९ मध्ये तिकडच्या बऱ्याच व्हिडिओ एडिटरांचे मॅक एकाएकी सुरूच होईनात. ही सगळी मंडळी एव्हिड नावाचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणारी, त्यामुळे पहिला संशय गेला एव्हिडवर. दोन दिवसांनी कळलं की कारण होतं गुगल क्रोमचा अपडेटर. त्याने सिस्टीममधला एक महत्त्वाचा दुवा मोडून ठेवला होता, आणि ज्या मॅकवर अ‍ॅपलची संरक्षणाची सोय बंद होती तिथे तो मोडता आला. एव्हिडवाल्यांच्या बऱ्याच मशिनींवर ती बंद असायची, एवढाच त्यांचा संबंध. किंवा फेब्रुवारी २०१८ मधलं एनपीएम. ५.७.० ही आवृत्ती लिनक्सवर सुडो लावून चालवली की ती सिस्टीमच्या फोल्डरांची मालकी बदलून टाकायची, अगदी ईटीसी आणि यूएसआरसकट. घाईघाईने ५.७.१ काढावी लागली. तोवर कित्येकांनी आपले सर्व्हर पुन्हा उभे केले असतील, आणि त्यातल्या काहींना साहेबांनी विचारलंही असेल, "तू काय केलंस?"

या दोन्ही गोष्टींत निदान काहीतरी बंद पडलं होतं. बंद पडलं की माणसं शोधायला लागतात. आमच्याकडे चार महिने काहीच बंद पडलं नाही. करड्या रंगाचा एक चौकोन आला असता, 'लिहायला परवानगी नाही' असं म्हणाला असता, तर सरांनी मला ऑगस्टमध्येच झोपेतून उठवलं असतं. व्हिस्टाच्या काळात ते व्हर्च्युअल स्टोअर बनवणाऱ्यांनी लोकांच्या सोयीसाठीच बनवलं, मला त्याचं कौतुकही आहे. तरी त्या माळ्यावर उभं राहून मला वाटलं की सरळ 'नाही' म्हणणारा कॉम्प्युटर परवडला.

दुरुस्तीला संध्याकाळ लागली. काय केलं ते सांगतो, कुणाच्या तरी गावच्या इन्स्टिट्यूटमध्ये उपयोगी पडेल. 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' हा रामबाण उपाय केला नाही. लिनक्सवाले तातडीच्या वेळी ७७७ मारतात, त्याचंच हे विंडोजमधलं भावंडं. आख्ख्या फोल्डरला तो दिला की पेनड्राइव्हवरचा व्हायरस थेट सॉफ्टवेअरच्या एक्झी फाइलीत जाऊन बसतो, म्हणजे भाच्याने केलेलं सगळं पाण्यात. म्हणून फक्त 'डेटा' या आतल्या फोल्डरावर 'यूजर्स' गटाला बदलायची परवानगी दिली. नुसत्या फाइलवर देऊन भागत नाही, कारण अ‍ॅक्सेस उघडताना शेजारी कुलपाची एक छोटी फाइल बनवते, तिलाही जागा लागते. मग व्हर्च्युअल स्टोअरमधली प्रत मूळ जागी आणली, कॉपी करून (कट-पेस्ट केली असती तर पुन्हा माहेरचं आडनाव!), आणि कोपऱ्यातली प्रत काढून टाकली. ती तिथे राहिली असती तर 'विद्यार्थी'ला पुढेही तीच दिसत राहिली असती. हे सगळं खरं म्हणजे इन्स्टॉलरचं काम. डेटा प्रोग्रॅमडेटा या फोल्डरात ठेवायचा आणि तिथे कुणाला लिहिता येईल ते ठरवून द्यायचं. त्यातही एक मेख आहे: प्रोग्रॅमडेटात साधा यूजर फाइल बनवू शकतो, पण दुसऱ्याने बनवलेली बदलू शकत नाही, म्हणजे ते 'ठरवून देणं' काही टळत नाही. इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमधल्या दोन ओळी. कुणाला सुचल्याच नाहीत.

सरांना हे समजावताना माझी तारांबळ उडाली. मालक, यूजर, अ‍ॅडमिन, प्रत... ते ऐकत होते आणि मग मला थांबवून म्हणाले, "म्हणजे आपल्या बिल्डिंगीतल्या खोल्यांसारखं. कागदावर नाव एकाचं, राहतो दुसरा, आणि लाइटचं बिल तिसऱ्याच्या नावाने येतं. राहणाऱ्याला वाटतं खोली आपली. चौकशीला माणूस आला की कळतं, आपण यादीतच नाही." रेल्वेच्या कडेच्या झोपड्यांतून उठवून इथे आणलेल्या वस्तीत ज्या माणसाने इतकी वर्षं लोकांचे अर्ज टाइप करून दिले, त्याला मी फाइलची मालकी शिकवत होतो!

सातपैकी सहा मशिनींच्या नोंदी पूर्ण मिळाल्या. बावीसपैकी सतरा जणांचे शंभरच्या पुढे निघाले. दोघं खरोखरच टिवल्याबावल्या करणारे होते, त्यांचे साठ-सत्तर भरले आणि त्यांनी वादही घातला नाही. उरलेले तिघं सात नंबरवाले, त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्या मशीनची हार्ड डिस्क ऑक्टोबरमध्ये गेली होती. जाताजाता भाच्याने सॉफ्टवेअरचा आख्खा फोल्डर वाचवला आणि नव्या डिस्कवर ठेवला. त्याने नोंदींची फाइल घेतलीच होती, फक्त ती ऑगस्टमध्ये थांबलेली. खऱ्या नोंदी होत्या त्या कोपऱ्यात, आणि तो कोपरा जुन्या डिस्कसोबत मंडाळ्याच्या भंगारात गेला. दोन महिन्यांचा सराव, तीन जणांचा, कुठेच नाही.

रविवारी सकाळी सरांनी त्या तिघांना बोलावलं. मीही गेलो, झोपेचं खोबरं झालंच होतं. सरांनी आकड्यांचा कागद काढलाच नाही. एकेकाला सात नंबरवर बसवलं, नवीन उघडायला लागलेला एक पॅसेज लावला आणि हातातलं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं. पहिला एकतीस. दुसरा तेहेतीस, पण चुका फार, सरांनी पट्टी उचलल्यासारखं केलं. तिसऱ्याचे हात थरथरत होते, तो चोवीसवर अडला. सरांनी त्याला पाणी प्यायला लावलं, खाली जाऊन एक चक्कर मारून ये म्हणाले, आणि दहा मिनिटांनी पुन्हा बसवलं. तीस.

"फोटो आणलायस का फॉर्मला?"

नव्हता आणला. स्टेशनजवळचा फोटोवाला रविवारी अकराला उघडतो, तो तिकडे पळाला.

कंपनीला मी त्याच रात्री सविस्तर ईमेल लिहिलं, कुठल्या दोन ओळी घालायच्या तेही. मंगळवारी उत्तर आलं, तक्रार क्रमांकासकट: आपल्या समस्येचे निराकरण झाले असून तिकीट बंद करण्यात येत आहे. पुढचा अपडेट घेऊन त्यांचा माणूस जूनमध्ये येणार आहे. सरांनी मला ती तारीख आताच कळवून ठेवली आहे, शनिवार आहे.